काळबांडेबाबू आणि मोटारीची नळी

काळबांडेबाबू कोणाच्याही घरी गेले, की आधी त्या घरातली खेळण्यातली मोटार उलटी करून पाहत. प्रकृतीची विचारपूस, कपाशीचा भाव, चहा, हे सगळं त्यानंतर. मोटार नसलेल्या घरात ते जरा बावरून बसत. मोटार असलेल्या घरात मात्र तिचं पोट तपासल्याशिवाय त्यांना बैठकच लागत नसे.

मी पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, तेव्हा आम्ही त्यांच्या शेजारची जागा घेतली. धाकट्याच्या बारशाला त्यांना आग्रहाने बोलावलं. ते आले, पाळण्याकडे न बघता खाली वाकले आणि थोरल्याची टिनाची मोटार उचलली. ती मी नागपूरहून, इतवारीतून आणली होती. लाल रंगाची, चावीची. त्यांनी ती उलटी केली. कपाळाला आठी पडली.

"गुर्जी, हे मोटार कोनी आणली?"

मी जरा अभिमानानेच म्हणालो, मी आणली.

"आन् धूर कायच्यातून जाईन?"

मी म्हणालो, चावीची मोटार आहे, तिला इंजिन नाही, मग धूर कुठला? शाळा तपासायला आलेला इन्स्पेक्टर मठ्ठ पोराकडे बघतो तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चावीची असली म्हनून काय झालं? मोटार हाये ना? मंग धूर काय पोटातच ठेवन ते?"

एवढं बोलून ते मोटार काखेत मारून निघून गेले. घुगऱ्या तशाच राहिल्या. थोरल्याने भोकाड पसरलं, पाळण्यातल्याने त्याला साथ दिली, आणि आमची मंडळी मला म्हणाली, की हा कसला शेजार बघितला तुम्ही. आठवडाभराने मोटार परत आली. मागच्या चाकाशेजारी उदबत्तीएवढी पितळेची नळी बसवलेली होती. मध्ये फुगीर डबी, पुढे बाक, आणि तोंडाला काजळी. काजळी मी बोटाने पुसायला गेलो तर ते खेकसले. कोरी नळी म्हणजे खोटी नळी, असं त्यांचं म्हणणं होतं. चालणाऱ्या मोटारीचं तोंड काळं असलंच पाहिजे.

काळबांडेबाबूंचं पूर्ण नाव श्यामराव. गावातल्या एका जिनिंग कारखान्यात ते कारकून होते. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि चेहऱ्यावर कोणीतरी नुकताच त्यांचा अपमान केल्यासारखा भाव. बायको तरुणपणीच गेली होती. मूलबाळ नव्हतं. सकाळी स्वतः भाकरी थापत, आणि कामावरून आले की ओसरीवर बसून नळ्या करत. फक्त नळ्या. मोटार त्यांनी कधी केली नाही. मी एकदा विचारलं, एवढा हात चालतो तर पुरी मोटारच का करत नाही? ते म्हणाले, मोटार कोणीही करतो.

पातळ पितळी पत्रा सायकलच्या तारेभोवती गुंडाळायचा, सांध्याला कथलाचा डाग द्यायचा, मग तार ओढून काढायची. नळीत बारीक रेती ठासून भरायची, दोन्ही तोंडं मातीने बंद करायची, आणि अंगठ्यावर हळूहळू बाक द्यायचा. रेती नसली तर नळी चेमटते. मधली डबी म्हणजे सायलेन्सर. ती ते मालगुजाराच्या शिकारीतून उरलेल्या काडतुसांची करत. मालगुजारी गेली, शिकारी थांबल्या, तेव्हा अख्ख्या गावात एकट्या काळबांडेबाबूंना वेगळ्याच कारणाने वाईट वाटलं.

ट्रकची नळी वेगळी, प्रवासी सर्व्हिस मोटारीची वेगळी, साहेबाच्या मोटारीची वेगळी. लढाईच्या काळात पेट्रोल मिळत नव्हतं, तेव्हा मोटारी मागे भट्टी बांधून कोळशाच्या गॅसवर चालत. त्या मोटारींचा विषय काढला की ते हळवे होत. जामसांवलीच्या जत्रेतल्या एका लाकडी मोटारीला त्यांनी तशी भट्टी आणि तिची चिमणी बसवून दिली होती, म्हणे. पण ही हळवी अवस्था क्षणभरच टिके. बाकी वेळ ते संतापलेले असत.

त्यांच्या संतापाला कोणीही पुरत असे. डॉक्टरांच्या दवाखान्यात मोटारीचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. काळबांडेबाबू तापाने फणफणत तिथे गेले, चित्रातल्या मोटारीला नळी दिसेना, तेव्हा त्यांनी कंपाउंडरची पेन्सिल घेऊन आधी नळी काढली आणि मग जीभ दाखवली. दुसऱ्या वेळी मोटार स्टँडवर सौसरची सर्व्हिस मोटार उभी होती. तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले पाहून बायका ओरडायला लागल्या. ड्रायव्हर चहा टाकून धावला. काळबांडेबाबू हातात दोरा घेऊन नळीची लांबी मोजत होते. बाहेर आले ते टोपी झटकत, आणि ड्रायव्हरलाच बोलायला लागले, की तू ही नळी तारेनं बांधली आहेस, तुझ्या घरी चूल अशी बांधतोस काय? ड्रायव्हर म्हणाला, बाबूजी, मालक दुसरी देत नाही. मग सगळा राग मालकाकडे वळला. मालक नागपूरला होता म्हणून वाचला.

घरात आमच्या मंडळीची विणायची सुई नाहीशी झाली, की ती काळबांडेबाबूंच्या ओसरीवर सापडे, काळी झालेली. ती रागाने मागायला जाई आणि ते उलट तिच्यावरच रागावत, की ही सुई सरळ नाही, हिच्यावर गुंडाळलेली नळी तिरपी येते, कुठून आणता असला माल?

आता जामसांवलीबद्दल सांगायला हवं.

जामसांवलीला मारुतीचं मोठं देवस्थान आहे. हनुमान जयंतीला तिथे जत्रा भरते, पांढुर्णा-सौसरची माणसं तर येतातच, पण पार नागपूरकडूनही लोक येतात. काळबांडेबाबू दर वर्षी मला घेऊन जात. पुढेपुढे माझ्या लक्षात आलं, की मला घेऊन जाण्यात प्रेमापेक्षा गरजेचा भाग जास्त आहे. दर्शन आटोपलं की ते खेळण्यांच्या रांगेत शिरत आणि एका ठरावीक दुकानासमोर उभे राहत. तिथे एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ सतरंजीवर लाकडी मोटारी मांडून बसलेले असत. सागाच्या, गुळगुळीत, निळ्या पिवळ्या रंगाच्या सुंदर मोटारी. दारं उघडत, चाकं सरळ चालत. नळी मात्र एकीलाही नसे.

काळबांडेबाबू एक मोटार उचलत, उलटी करून पाहत आणि तोंड कडू करून मला सांगत, "गुर्जी, त्याईले सांगा, बिना नळीची मोटार म्हंजे खोकं असते."

दुकानदार दोन हातांच्या अंतरावरच बसलेले. ते फडक्याने एखाद्या मोटारीचा टप पुसता पुसता म्हणत, "गुर्जी, त्याईले सांगा, पोट्ट्याईले खोकंच पसंत हाये. सकाळपासून सारे खोकेच चालले."

पहिल्या वर्षी मी खरंच निरोप सांगायला लागलो. नंतर कळलं, की मी फक्त मध्ये उभं राहायचं असतं. ते गृहस्थ म्हणजे काळबांडेबाबूंचे सख्खे मोठे भाऊ, नथ्थूजी. सौसरच्या शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले.

भांडणाची हकीकत मला वहिनींनी, म्हणजे नथ्थूजींच्या बायकोने सांगितली. पोरवयापासून दोघांचं ठरलेलं होतं. मोटार थोरल्याने करायची, नळी धाकट्याने. बाजारात काळबांडेबंधूंच्या मोटारी प्रसिद्ध होत्या. स्वातंत्र्य मिळालं, त्यानंतरच्या पहिल्याच जत्रेत गर्दी उसळली होती. प्रत्येक मोटारीवर कागदाचा झेंडा लावलेला. एका लहान मुलीने मोठ्या ट्रकच्या जाड नळीत बोट घातलं आणि ते अडकलं. पोर किंचाळायला लागली, लोक जमले, कोणी तेल आणलं, कोणी मारुतीचा शेंदूर लावला. बोट निघालं, पण मुलीचा बाप नथ्थूजींना वाटेल तसं बोलला. नथ्थूजी आधीच भित्रे. त्यांनी पक्कड घेतली आणि भरल्या जत्रेत सगळ्या मोटारींच्या नळ्या मोडून टाकल्या. आजपासून नळी बंद, असं मोठ्याने म्हणाले. धाकटा भाऊ चहा घेऊन येत होता. त्याने पाहिलं, कप तिथेच ठेवले आणि पायी पांढुर्ण्याचा रस्ता धरला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

मला हे ऐकून राग आला. दोन म्हाताऱ्या माणसांनी एवढ्याशा पितळेपायी वर्षं घालवावीत याचा. पण काळबांडेबाबूंना बोलायची सोय नव्हती. "माह्या नळ्या भर बजारात मोडल्या," एवढंच ते म्हणत. जणू हाडं मोडली होती.

जत्रेतून परत निघालो की थोडं पुढे आल्यावर ते मला थांबवत आणि परत पाठवत. एक मोटार विकत आणा म्हणत. पहिल्यांदा मला वाटलं, शेजारच्या एखाद्या पोरासाठी असेल. ते म्हणाले, "पुरावा म्हनून पाह्यजे. उद्या कोनी इचारलं तं दाखवाले." मी आपला दर वर्षी पुरावा आणून देत असे.

एकदा ते आजारी होते म्हणून मी औषध द्यायला त्यांच्या आतल्या खोलीत गेलो. फळीवर पुरावे ओळीने मांडले होते. धूळ नाही, रंग उडालेला नाही. आणि प्रत्येकाला नळी. कुठे सरळ, कुठे बाकदार, एकीला दोन डब्यांची. मी म्हणालो, बाबूजी, पुराव्याला नळ्या कशाला बसवल्या? ते पांघरुणातून उठून बसले आणि मला म्हणाले, की शेजाऱ्याच्या घरात येऊन फळ्या तपासायची कोणती रीत आहे, मास्तर लोकांना कोणी शिकवत नाही काय?

अशात राज्यांच्या फेररचनेची बोलणी सुरू झाली. आमच्या भागात घरोघरी तोच विषय. बोलणं मराठी, सोयरीक काटोल-नरखेडची, बाजार नागपूरचा. आम्हाला वाटत होतं, नागपूर जिकडे तिकडे आपण. निकाल लागला तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, फक्त राजधानी नागपूरची भोपाळला झाली. मोटार स्टँडवर, जिनात, हजामाच्या दुकानात लोक हताशपणे बोलत होते. काळबांडेबाबू हताश नव्हते. ते खवळले होते.

"मी इथंच बसून हाओ," ते मला म्हणाले, "आन् राजधानी उठून चालली गेली. मले इचारलं कोनी?"

मी म्हणालो, कोणालाच विचारलं नाही.

"मंग चूप काहून बसले सारे?"

ते चूप बसले नाहीत. तहसिलीतल्या शिपायापासून स्टेशनमास्तरपर्यंत सगळ्यांना त्यांनी जाब विचारला. स्टेशनमास्तर म्हणाले, बाबूजी, मी फक्त गाड्या सोडतो. त्यावर काळबांडेबाबू म्हणाले, की सचिवालयाच्या कपाटांनी भरलेल्या गाड्या तुम्हीच सोडल्या ना? हे मात्र खरं होतं. नागपूरहून भोपाळला जाणाऱ्या गाड्या आमच्याच स्टेशनावरून जात. कारकुनांची बिऱ्हाडं, पाटे-वरवंटे, तुळशीच्या कुंड्या घेऊन डबे जात होते. काळबांडेबाबू फलाटावर उभे राहून त्या डब्यांकडे रागाने बघत.

मग सौसरहून वहिनींचा निरोप आला. नथ्थूजींचा मुलगा मोरेश्वर नागपूरच्या सचिवालयात होता. त्याची बदली भोपाळला झाली. म्हाताऱ्या आईबापांना मागे ठेवायचं त्याच्या मनात नव्हतं. सौसरचं घर बंद करून दोघं निघणार होते. मोरेश्वर नागपूरहून गाडीत बसणार, हे दोघं मोटारीने पांढुर्ण्याला येऊन त्याच गाडीत चढणार.

हे मला काळबांडेबाबूंना सांगावं लागलं. ते ओसरीवर नळीला बाक देत होते. नळी कडकन मोडली. त्यांची मोडलेली नळी मी तेवढी एकच पाहिली.

"भोपाळ," ते म्हणाले. मग एकदम सुरू झाले. मला विचारलं? मी लहान भाऊ आहे की नाही? नळ्या मोडताना विचारलं नाही, जाताना विचारलं नाही. जाऊ द्या. मी स्टेशनावर जाणार नाही. गुर्जी, तुम्ही जा आणि त्यांना सांगा, की श्यामराव आला नाही.

मी गेलो. सौसरची मोटार दुपारी आली. नथ्थूजी आणि वहिनी सामान घेऊन फलाटावर बसले. एक ट्रंक, वळकटी, लोणच्याची बरणी, आणि एक मोठं पोतं. नथ्थूजी फार खंगलेले दिसले. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आला नाई?"

मी निरोप सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात फलाटाच्या दुसऱ्या टोकाला बंद गळ्याचा कोट दिसला. काळबांडेबाबू आले आणि आमच्यापासून चार हात अंतरावर, रुळांकडे तोंड करून उभे राहिले.

"गुर्जी, त्याईले सांगा, मी जिनाच्या कामासाठी आलो हाओ. मालाचा डबा पाहाले."

नथ्थूजींनी पोतं पायाने पुढे सरकवलं. "गुर्जी, त्याईले सांगा, ह्या उरलेल्या मोटारी हाये. भोपाळले कायले नेऊ? ठेवाच्या तं ठेव म्हना."

काळबांडेबाबूंनी पोत्यात हात घालून एक मोटार काढली आणि उलटी केली. मी उसासा टाकला. आता पुन्हा खोक्याचं बोलणं निघणार. पण वहिनी उठल्या. गाडीत टांगायची पाण्याची कॅनव्हासची छागल त्यांनी माझ्या हातात दिली. "गुर्जी," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी हे भरून आना. आन् घाई करू नोका."

मी नळावर गेलो. छागल भरली, ओतून दिली, पुन्हा भरली. लांबून बघत होतो. माझ्यावाचून ते दोघं नुसते अवघडून होते, नाटकातला मधलाच माणूस पळून गेल्यासारखे. मग काळबांडेबाबूंचा हात हलला. मोटार नथ्थूजींच्या नाकापाशी गेली. मी जवळ आलो तेव्हा त्यांचा आवाज चांगलाच चढलेला होता.

"भोक लहान पाडत होता तू, दादा. दर साली. माही नळी त्याच्यात जाएच ना. मले कानस घेऊन घासत बसा लागे."

मी पोत्यातली एक मोटार उचलून पाहिली. मागच्या चाकाजवळ, खालच्या बाजूला, एक गोल, स्वच्छ भोक होतं. नळीएवढं. सगळ्याच मोटारींना होतं. इतकी वर्षं मी पुरावे वाहून आणले, पण उलटे करून कधी पाहिले नव्हते.

नथ्थूजी म्हणाले, "मंग सांगाचं होतं."

"कोनाले सांगू? गुर्जीले?"

वहिनींनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की काय, ते मला दिसलं नाही.

गाडी आली. मोरेश्वर दारात उभा होता. डबा गच्च भरलेला. आम्ही वहिनींना चढवलं, नथ्थूजींना चढवलं. काळबांडेबाबू ट्रंक घेऊन आत शिरले. ट्रंक बाकाखाली नीट सरकेना, म्हणून ते शेजारच्या प्रवाशावर ओरडत असलेले मला खिडकीतून दिसले. मग ते नथ्थूजींच्या शेजारी टेकले. शिट्टी झाली. मी हाक मारली. गाडी हलली. मी मोटारींचं पोतं सांभाळत फलाटावर उभा, आणि काळबांडेबाबू बंद गळ्याचा कोट घालून, बिनतिकिटाचे, भोपाळच्या दिशेने गेलेले.

दुसऱ्या दिवशी ते जिनात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर दिसले. कोट चुरगळलेला, दाढी वाढलेली. भोपाळपर्यंत जाऊन आले होते. आमच्या मंडळीने चहा नेऊन दिला. मी विचारलं, भावाभावांचं एवढ्या प्रवासात काय बोलणं झालं?

"काई नाई."

इतक्या वर्षांनी भेटलात आणि काहीच नाही?

ते चिडले. "काय बोलाचं? मी मुलताईले उतरनार होतो. पन दादाचा डोळा लागला. इथं, माह्या खांद्यावर." त्यांनी डावा खांदा दाखवला. "मुलताई आली. मंग आमला आलं. बैतूल आलं. तो काई उठून नाई राहिला."

मी म्हणालो, मग हलवून उठवायचं होतं.

काळबांडेबाबूंनी चहाची बशी खाली ठेवली. असा अडाणी प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नसेल, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"लहानपनी मी त्याच्या खांद्यावर निजत होतो, गुर्जी," ते म्हणाले. "त्यानं मले उठवलं होतं काय?"